बसण्याचा तोल : मोजायचा कसा, वाढवायचा कसा

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात जे सुटले ते लिहिताना भरून काढले आहे.)



दरवर्षी वर्धापन दिनाला माझ्या वाट्याला काही ना काही विषय येतो. कधी व्यसनमुक्ती, कधी मुलींचे शिक्षण, कधी अंधश्रद्धा. या वेळी समितीने विचारले तेव्हा मी म्हटले, मला बसण्यावर बोलायचे आहे. समितीतली पोरे हसली. म्हणाली, "काका, बसण्यावर काय बोलता? बसता तर सगळ्यायलेच येते." मी त्यांना एवढेच म्हटले की, आपल्या वस्तीत लकवा झालेली माणसे बोटांवर मोजा, आणि त्यातली किती माणसे पौर्णिमेला या सतरंजीवर येऊन बसतात ते मला सांगा. पोरांनी मोजून पाहिले, आणि मग विषय पक्का झाला.

ही माणसे घरातच आहेत. जेवतात, औषध घेतात, टीव्ही पाहतात. पण त्यांचे बसणे गेले आहे. बसता येत नाही म्हणून ताटावर बसता येत नाही, संडासला एकट्याने जाता येत नाही, लग्नात जाता येत नाही, विहारात येता येत नाही. लकवा झालेला माणूस चालेल की नाही, याची चिंता सगळे करतात. डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारतात. पण तो बसतो की नाही, हे कोणी विचारत नाही. चालण्याच्या आधी बसणे येते, आणि बसण्याचा तोल आला नाही तर चालण्याची गोष्ट लांबच राहते. म्हणून आज बसण्याचा तोल म्हणजे काय, तो घरच्या घरी कसा मोजायचा आणि कसा वाढवायचा, एवढेच सांगणार आहे.

आपल्याकडे कापसाची बंडी भरताना पाहिली असेल. मागे जास्त भरले तर बंडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उठते. पुढे जास्त झाले तर सगळा भार बैलांच्या खांद्यावर येतो. जाणता माणूस चाकांच्या आसावर ओझे बरोबर तोलून घेतो. बसलेल्या माणसाचे शरीर तसेच काम करते. डोके, दोन हात आणि धड मिळून आपल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग होतो. हे सगळे ओझे बुडाच्या दोन हाडांवर, मांड्यांवर आणि जमिनीला टेकलेल्या पावलांवर तोलून धरायचे असते. फरक इतकाच की बंडीतला कापूस हलत नाही, माणूस मात्र हलतो. पाण्याचा गिलास घ्यायला हात पुढे केला की ओझ्याची जागा बदलली. कोणी हाक मारली म्हणून मान वळवली की पुन्हा बदलली. दर वेळी कंबर, पोट, पाठ आणि पाय यांना नवा हिशोब करावा लागतो. तो हिशोब मेंदू करतो, आणि त्याला तीन ठिकाणांहून बातमी येते. कानाच्या आत वाकड्या नळ्यांचे एक यंत्र आहे, ते डोके कुठे कलले ते सांगते. डोळे समोरची भिंत, दार, खिडकी पाहून सांगतात. आणि कातडी, स्नायू, सांधे यांना भार कुठे पडला ते कळते. यातली एखादी बातमी बंद झाली तरी बाकीच्या दोघांवर निभावते. लकव्यात मात्र बातमी घेणारा मेंदूच जखमी असतो. हातापायाचा लकवा सगळ्यांना दिसतो. धडाचा अशक्तपणा दिसत नाही, कारण त्या माणसाला आपण उशांनी टेकवून ठेवलेले असते.

आता मोजण्याकडे येतो. मी सूतगिरणीतला माणूस. उमेदीची सगळी वर्षे रिंगफ्रेमवर गेली. गिरणीत सूत हाताला बारीक लागते म्हणून कोणी बारीक मानत नाही. १२० यार्डांची ली घ्यायची, वजन करायचे, मग काउंट ठरतो. चाळीस काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या चाळीस लडी. एकोणचाळीस भरल्या तर एकोणचाळीस लिहायचे. धागे किती तुटले, हवेत दमटपणा किती, सगळे पाटीवर लिहिलेले असते. आणि आपल्या घरच्या आजारी माणसाबद्दल विचारले तर आपण काय सांगतो? "आता बरं हाय जरासं." जरासं म्हणजे किती, हे कोणालाच ठाऊक नसते.

माझ्या थोरल्या भावाला २०१६ च्या उन्हाळ्यात लकवा झाला. डावी बाजू गेली. जिनिंगमध्ये १७० किलोची रुईची गाठ हूक लावून ढकलणारा माणूस. दवाखान्याने जीव वाचवला, ते खरेच. पण सुटी देताना गोळ्यांची चिठ्ठी मिळाली, घरी बसवायचे कसे ते काही कोणी दाखवले नाही. वहिनीने मायेने चारी बाजूंनी उशा लावल्या, मागे गादीची वळकटी लावली, आणि भाऊ त्या घरट्यात दिवसभर कलून राहत. उशी काढली की वहिनी ओरडत, "पडन ना बापा तो!" पुढे एक फिजिओथेरपीच्या ताई भेटल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे आधाराशिवाय किती वेळ बसतात?" वहिनी म्हणाल्या, "थोडा वेळ बसते." ताई म्हणाल्या, "थोडा म्हणजे किती? घड्याळ आणा." भावाला पलंगाच्या काठावर बसवले, पावले जमिनीला टेकवली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आधार काढला. सात सेकंद. आठव्याला ते डावीकडे गेले, ताईंनी धरले. पुतणीने वहीत तारीख घालून लिहिले, ७ सेकंद. त्या दिवसापासून घरातली भाषाच बदलली. संध्याकाळी कामावरून आलो की मी विचारायचो, आज किती? वहिनी सांगायच्या, अकरा. मग चौदा. एकदा पुन्हा नऊ झाले, तेव्हा रात्री झोप झाली नव्हती असे लक्षात आले. वही होती म्हणून ते लक्षात आले. तिसऱ्या आठवड्यात अर्धा मिनिट झाला.

हे घड्याळ लावणे म्हणजे काही गावठी युक्ती नाही. जगभर असेच मोजतात. १९९० साली इंग्लंडमधल्या कॉलिन आणि वेड यांनी लकव्याच्या रुग्णांसाठी चार कामांची एक चाचणी मांडली. अंथरुणात कमजोर बाजूला वळणे, चांगल्या बाजूला वळणे, झोपलेल्याचे उठून बसणे, आणि पलंगाच्या काठावर पाय अधांतरी ठेवून ३० सेकंद बसणे. प्रत्येकाला २५ गुण, एकूण १००. कॅनडातल्या कॅथरिन बर्ग यांच्या मोजपट्टीत १४ कामे आहेत, त्यातल्या एका कामात आधाराशिवाय दोन मिनिटे बसायचे असते. आणि २००४ साली बेल्जियममधल्या व्हेरहेडन यांनी फक्त धडासाठी २३ गुणांची परीक्षा केली. तिचा पहिला प्रश्न असा की, हा माणूस आधाराशिवाय १० सेकंद बसतो का? बसला नाही तर पुढचे काही विचारायचेच नाही, सगळ्या परीक्षेला शून्य. त्या हिशोबाने माझ्या भावाला पहिल्या दिवशी शून्य मिळाले असते. शून्य मिळाले म्हणून वाईट वाटायचे कारण नाही. कुठून सुरुवात करायची ते त्यावरून कळते.

दुसरे माप टेपने घ्यायचे. शिंप्याची टेप भिंतीवर आडवी चिकटवा, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. माणसाला भिंतीच्या बाजूला खुर्चीत किंवा स्टुलावर बसवा. चांगला हात समोर सरळ करायला सांगा. बोट कुठे येते तो आकडा लिहा. मग म्हणा, न पडता जितके पुढे जाता येईल तितके जा आणि परत या. बोट कुठवर गेले ते पाहा. दोन आकड्यांतला फरक हे त्याचे माप. पहिली फेरी सरावाची, ती सोडून द्या, पुढच्या दोन फेऱ्यांची सरासरी घ्या. मग टेपकडे पाठ करून बसवा आणि बाजूलाही तसेच बघा. उभ्या माणसासाठी ही पद्धत अमेरिकेत १९९० साली पामेला डंकन यांनी मांडली, १९९८ साली ती पाठीचा कणा दुखावलेल्या, बसूनच राहणाऱ्या माणसांसाठी वापरली गेली. माझ्या भावाचा पहिला आकडा ५ सेंटिमीटर होता. शेजारचे एक जण म्हणाले, अमक्याचा तर पंधरा आहे. मी त्यांना सांगितले, ही काही दहावीची परीक्षा नाही. भावाचा आकडा भावाच्याच मागच्या आकड्याशी लावायचा.

मापे घेताना एक माणूस कमजोर बाजूला, जरा पुढे उभा पाहिजे, हात लावायला नव्हे, पडला तर धरायला. बी.पी. ताब्यात नसेल, चक्कर येत असेल, तर मापे घेऊ नका. आणि अगदी पहिल्या दिवसांत घाई नको. २०१५ साली पाच देशांतल्या दोन हजारांवर रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की झटका आल्यापासून पहिल्या २४ तासांत लवकर आणि जास्त वेळा उठवणे-बसवणे केलेल्यांना फायदा झाला नाही, उलट थोडे नुकसानच झाले. तेव्हा कधी बसवायचे ते डॉक्टरांनी सांगायचे. डॉक्टरांनी बसवा म्हटल्यावर मात्र महिनाभर उशांत ठेवायचे नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका, कारण यावरून घराघरांत भांडणे होतात. काही रुग्ण बसवले की चांगल्या हाताने पलंगाला रेटा देऊन स्वतःला कमजोर बाजूलाच ढकलतात. सरळ करायला गेले की आणखी जोर लावतात. घरचे म्हणतात, हट्टी झाला, डोके फिरले. म्हाताऱ्या माणसाला त्यासाठी पोरे रागावलेली मी पाहिली आहेत. तो हट्ट नाही. जर्मनीतल्या कार्नाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अशा रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्या शरीराला जे सरळ वाटते आणि खरे जे सरळ असते, त्यांत सुमारे १८ अंशांचे अंतर होते. घड्याळातले तीन मिनिटांचे अंतर म्हणजे १८ अंश, एवढे! ज्याचे सरळच वाकडे झाले त्याला "सरळ बस" म्हणून काय उपयोग? पण त्याच तपासणीत एक आशेची गोष्ट निघाली. डोळ्यांनी पाहिलेली उभी रेघ त्यांना उभीच दिसत होती. म्हणजे शरीर फसले तरी डोळे फसले नाहीत. तर अशा माणसाला ढकलून सरळ करायचे नाही. त्याला समोर दाराची चौकट दाखवायची, विचारायचे, तुम्ही चौकटीसारखे आहात का? तो स्वतः पाहील आणि स्वतः येईल. आपल्या वस्तीत गवंडी काय कमी आहेत? ओळंबा घ्या, छताच्या कडीला बांधा, रुग्णाच्या समोर लोंबू द्या. बरोबर मागे आरसा ठेवा. ओळंब्याची दोरी आणि आरशातले आपले नाक जुळवायला सांगा. या ओळंब्याला पैसा लागत नाही, आणि माझ्या मते घरात भांडण थांबवायला याच्याइतकी चांगली वस्तू नाही.

तोल वाढवायचा कसा, याबद्दल आपल्याकडे दोन टोके आहेत. एक टोक मालिशवाल्यांचे. लकव्यावर कबुतराचे रक्त चोळणारे लोक आजही आहेत, आणि त्यासाठी पाच-पाच हजार मोजणारेही आपल्यातच आहेत. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर आणि खाली कबुतराचे रक्त! यावर मी जास्त बोलत नाही, मला राग आवरत नाही. मालिश साध्या तेलाने करा, बरे वाटेल, त्वचा चांगली राहील. पण दुसऱ्याच्या हाताने चोळून तोल येत नाही. दुसरे टोक आरामाचे. "त्याईले आराम करू द्या." आराम करून करून बसणे जाते.

तोल येतो तो हात लांब करण्याने. ऑस्ट्रेलियात कॅथरीन डीन आणि रॉबर्टा शेफर्ड यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लकवा होऊन किमान एक वर्ष झालेली वीस माणसे. म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल "आता काही होत नाही" म्हणतो, अशी. त्यातल्या काहींना दोन आठवडे बसल्या जागेवरून हाताच्या पल्ल्याबाहेरच्या वस्तू घ्यायचा सराव दिला. बाकीच्यांना बसूनच काम दिले, पण वस्तू हाताशी होत्या. पहिल्या गटाचा हात जास्त लांब आणि जास्त लवकर जाऊ लागला, कमजोर पायावर ते जास्त भार देऊ लागले, बसल्याचे उठणे सुधारले. दुसऱ्या गटात तसे झाले नाही. चालण्यात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की भाषणात चालायला लागेल असे सांगितले होते. ज्याचा सराव केला ते सुधारले. चालायचे तर चालण्याचा सराव वेगळा करावा लागतो.

आता घरी हे कसे करायचे? पहिली गोष्ट बाज. आपली नवारीची बाज मधून खोल जाते. तिच्यावर बसवले की कंबर मागे घसरते, पाठीचे पोक होते आणि चांगला माणूससुद्धा कलतो. बाजेवर फळी टाका किंवा लाकडी दिवाण वापरा. उंची एवढी हवी की पावले पूर्ण जमिनीला टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. पाय टेकले नाहीत तर पुढे वाकता येत नाही, कारण पुढे वाकल्यावर भार पायांवरच येतो. तुम्ही आत्ता बसल्या जागी खुर्चीवर पाय उचलून पुढे वाकून बघा, म्हणजे कळेल.

मग काम द्या. व्यायाम म्हटले की माणूस कंटाळतो, काम म्हटले की करतो. वहिनीने भावाला तुरीची डाळ निवडायला बसवले. सूप समोर स्टुलावर, आणि डाळ टाकायचे भांडे एक वीत लांब. दोन दिवसांनी भांडे आणखी चार बोटे लांब. मग डाव्या बाजूला, जिकडे जायची त्यांना भीती वाटायची. पाण्याचा गिलास हाताशी ठेवायचा नाही, वाकल्यावर मिळेल असा ठेवायचा. मग भांडे खाली जमिनीजवळ, मग खांद्याच्या वर. पुढे पावले जवळ जवळ ठेवून, त्याच्याही पुढे बुडाखाली घडी केलेली गोधडी ठेवून, म्हणजे जागा थोडी डळमळीत होते आणि तोल जास्त लावावा लागतो. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. थकवा आला की थांबायचे. दोन महिन्यांनी भावाच्या टेपचा आकडा १९ झाला. आज ते काठीने चालतात. डावा हात आला नाही, तो तसाच आहे. पण ताटावर बसतात, आणि संडासला स्वतः जातात. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम बोललो. घरातल्या बाईला लकवा झाला असेल तर ती याबद्दल कोणाला सांगत नाही, पाणी कमी पिते, उपाशी राहते. बसण्याचा तोल आला आणि कमोडची खुर्ची मिळाली की तिची अर्धी लाज वाचते.

उठवताना-बसवताना एक पथ्य पाळा. कमजोर हाताला धरून ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका. लकव्यात खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, ओढला की खोबणीतून खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो.

लहान मुलांबद्दल थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतल्या मुलांवरून माप काढले. हात न टेकता, मान सरळ ठेवून, १० सेकंद बसणे, हे बाळ साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास करते, कोणी चौथ्यात, कोणी नऊ महिने झाल्यावर. नऊ महिने उलटले तरी बसत नसेल तर "बापाचंही असंच होतं" म्हणून थांबू नका, अंगणवाडीच्या ताईंना सांगा, यवतमाळला दाखवा. मेंदूचा पांगळेपणा असलेल्या मुलाला योग्य खुर्ची दिली की त्याचे हात मोकळे होतात, तोंडात घास नीट जातो. मेक्सिकोतल्या आहोया नावाच्या खेड्यात अपंग माणसांनीच अपंग मुलांसाठी अशा खुर्च्या, पाट, आधार गावातल्या लाकडापासून केले. डेव्हिड वर्नर यांनी १९८७ साली त्यावर चित्रांसह जाड पुस्तक लिहिले. आपल्याकडे सुतार आहेत, लाकूड आहे.

आणि सिकलसेल. या हॉलमध्ये बसलेल्या किती घरांत सिकलसेल आहे हे मला सांगायची गरज नाही. विदर्भात आपल्या समाजात तो आहे हे नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच जगापुढे मांडले होते. सिकलसेलमध्ये रक्त अडून खुब्याच्या हाडाचा गोळा मरू शकतो. मग त्या पोराला मांडी घालता येत नाही, बसले तरी एका बाजूला कलून बसते, कारण दुसरी बाजू दुखते. शाळेत गुरुजी म्हणतात, नीट बस. विहारात आपण म्हणतो, नीट बस. त्याचा तोल चांगला आहे, दुखणे वाईट आहे. त्याला डाळीचे भांडे लांब ठेवून काही उपयोग नाही, त्याला खुब्याचा एक्स-रे पाहिजे आणि बसायला बाक पाहिजे. क्वचित याच आजारात लहान पोरालाही लकवा होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, प्रमाणपत्र काढून घ्या.

आता जे धडधाकट आहेत त्यांच्यासाठी. ब्राझीलमधल्या अराउजो नावाच्या डॉक्टरांनी एक चाचणी केली आहे. उभ्याचे जमिनीवर बसायचे आणि पुन्हा उभे राहायचे, हात-गुडघे न टेकता. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५. हात, गुडघा, कोपर, मांडी, जे टेकेल त्याचा एकेक गुण गेला. डळमळले तर अर्धा गेला. २०१२ साली त्यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात कमी गुणवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मरणाचे प्रमाण जास्त दिसले. आमची बायामाणसे जन्मभर जमिनीवर बसून भाकरी थापत आली, तेव्हा ब्राझीलचे गुण आपल्याला जसेच्या तसे लावावेत असे मला वाटत नाही. आणि गुण कमी म्हणून कोणी मरत नसतो, अंगातली ताकद कमी झाली एवढे ते सांगतात. पण वर्षातून एकदा स्वतःची परीक्षा घ्यायला हरकत नाही. गुडघे, खुबे दुखणाऱ्यांनी घेऊ नये. ध्यानाला बसताना बुडाखाली चार बोटे उंच घडी ठेवा, म्हणजे गुडघे खाली जातात आणि पाठ आपोआप सरळ येते. ज्यांना नुकताच आजार होऊन गेला त्यांनी ध्यानात डोळे उघडे ठेवले तरी चालतील. तीन बातम्यांपैकी एक आपण हाताने बंद करतो, आणि माणूस झोकांडी खातो.

विहारात बाक ठेवण्यावरून आपल्यात दोन मते आहेत. काही ज्येष्ठ म्हणतात, बुद्धमूर्तीसमोर उंच बसणे बरे दिसत नाही. त्यांचा मान ठेवून सांगतो, अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखत, काठीचा आणि माणसाच्या खांद्याचा आधार घ्यावा लागे. त्यांनी आधार घेतला म्हणून कोणाची श्रद्धा कमी झाली नाही. पण प्लास्टिकच्या खुर्च्या मात्र नकोत. या गुळगुळीत फरशीवर त्या सरकतात, उठताना म्हातारा माणूस एका हातावर जोर देतो आणि खुर्चीसकट पडतो. मागच्या भिंतीला लागून हात टेकायच्या दांड्या असलेला लाकडी बाक हवा, गुडघ्याच्या उंचीचा. समितीने ठराव केला आहे, सुतारकाम वस्तीतलेच दोघे भाऊ बिनमजुरी करणार आहेत. लाकडाचे पैसे अजून अर्धेच जमले आहेत, तेव्हा दानपेटीत टाकताना लक्षात असू द्या.

अचानक तोंड वाकडे झाले, एक हात खाली पडला, बोलणे बोबडे झाले, तर मालिशवाल्याकडे नाही, लगेच ज्या दवाखान्यात सी.टी. स्कॅन आहे तिथे. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे रुग्णालय आहे आणि सावंगी मेघेला फिजिओथेरपीचे महाविद्यालयही आहे. सुटी घेताना कागदावर सही करण्याआधी तिथल्या फिजिओथेरपीच्या माणसाला विचारा, याला घरी बसवायचे कसे ते आमच्यापैकी दोघांना हाताने करून दाखवा.

विहाराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर आम्ही टेप लावली आहे, दोन उंचींवर. खिडकीजवळ ओळंबा टांगला आहे, लहान मुलांनी त्याच्याशी खेळू नये. दर रविवारी वंदनेनंतर एक तास मी आणि युवक मंडळाची दोन मुले, दोन मुली तिथे असू. प्रत्येकाच्या नावाची वेगळी वही राहील, ती ज्याची त्याच्या घरी. येताना डॉक्टरांचा कागद आणा, रुग्णाला उपाशी आणू नका, आणि त्याचा चष्मा असेल तर तो नक्की आणा. ऑटोरिक्षाची सोय पाहिजे असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगा.

जय भीम. नमो बुद्धाय.